माशीसाठी राखलेला फोटो

दरोडेखोरांवर जीव लावणारा सरळमार्गी माणूस उभ्या परभणी जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका साडू म्हणून माझ्या वाट्याला आला. गंगाखेडला त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पोट लग्नाच्या फोटोंवर चाले, जीव मात्र दरोडेखोर माशीवर. ही दाढीवाली, लांबट पोटाची माशी काडीच्या टोकावर दबा धरून बसते आणि उडत्या मधमाशीला हवेतच धरते. साडूंच्या मते त्यांच्या शेताच्या बांधावर हिच्या दोन जाती होत्या. आम्हाला दोन्ही सारख्याच दिसत. परभणीच्या एका प्राध्यापकांनाही फोटोंत फरक दिसेना. "पाय आणि पोटाचं टोक दिसल्याशिवाय सांगता येत नाही. सरळ मारून, टाचणीला लावून आणा," ते म्हणाले. साडू चिडूनच परतले. "आपल्या बांधावरची हाय ती, साडूभाऊ. मारून वळख काढायची, ती कायची वळख?"

तेव्हापासून पाय आणि पोटाचं टोक दिसेल असा, कडेने फोटो काढायचा त्यांनी ध्यास घेतला. लग्नाच्या प्रत्येक रोलमधला शेवटचा फोटो माशीसाठी राखून ठेवत आणि भर उन्हात बांधावर पालथे पडत. एकदा ऊन लागलं समजून शेजारच्या शेतातल्या बाईने त्यांच्यावर घागर ओतली, तर हे माशी उडाली म्हणून हळहळले. सवय इतकी जडली की नवरदेवालाही सांगत, "जरा कडेनं उभं राहा, पाय दिसू द्या." त्या काळातल्या आमच्याकडच्या नवरदेवांचे चेहरे अर्धेच दिसतात, चपला मात्र स्वच्छ.

धाकट्या मेव्हणीच्या लग्नात हद्द झाली. पाठवणीची वेळ, नवरी जीपमध्ये चढतेय, सगळे रडताहेत आणि रोलमध्ये एकच फोटो उरलेला. तेवढ्यात जीपच्या आरशावर माशी येऊन बसली, अगदी कडेने, पाय पसरून. साडूंनी कॅमेरा तिकडे वळवला. जीप निघून गेली. सासूबाईंनी त्यांच्याशी बोलणंच टाकलं, आणि साडू इतके खजील झाले की तो फोटो प्राध्यापकांना दाखवायलाही तयार होईनात. शेवटी माहेरपणाला आलेली मेव्हणीच म्हणाली, "दाजी, माझा फोटू गेला तो गेला. आता माशीचं तरी कळू द्या."

मीच सोबत गेलो. प्राध्यापकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "ही वेगळी दिसतेय खरी. पण नक्की सांगायला मागून एक फोटो लागेल." साडूंना एवढंही पुष्कळ झालं. परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलासुद्धा ती माशी दाखवली.

मागून फोटो अजून मिळालेला नाही. साडूंचे हात आता कापतात. म्हणून माहेरी आली की मेव्हणीच कॅमेरा घेऊन साडूंच्या बांधावर पालथी पडते. साडू तिच्या डोक्यावर छत्री धरून उभे राहतात, आणि सावली माशीवर पडू नये म्हणून स्वतः उन्हात सरकतात.