बाबांच्या दाढीचा ब्रश

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हांला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांसमोर हे तोंडातून निघत नाही.

ऐकायला गोष्ट किरकोळ वाटेल. दाढीच्या दोन ब्रशांची आहे.

सेलूला आमचं घर. बाबा वडनेरला मास्तर होते, निवृत्त झाल्यावर माझ्याकडे राहायला आले. एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्यासोबत बोलणंही. जीभ हलायची, शब्द यायचा नाही. समजत मात्र सगळं होतं — डोळ्यांवरून कळायचं. पुढचं ऐकताना हे विसरू नका.

दादा पुण्याला, मोठ्या नोकरीत. मी इथे एका पतसंस्थेत कारकून. नागपूरला बढतीवर जायची संधी आली होती, ती मी सोडली. घरी कोणीतरी राहणं भागच होतं — आणि ते कोण, हे कोणी विचारलंही नाही. सकाळी बाबांना उठवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, खुर्चीत बसवून दाढी करायची, मग कामावर. दुपारी जेवू घालायला पुन्हा घरी. नात्यात लग्न असलं की बायकोनं, सुनंदानं, एकटीनं जायचं, मी मागे. दोन वर्षं मी वर्ध्याच्या पलीकडे गेलो नव्हतो. दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि मला बाहेर पडता यायचं नाही. चिडायचं तरी कोणावर? आजारी माणसावर चिडतात का?

आजारपणात बाबांची कातडी फार नाजूक झाली. आधीचा डुकराच्या केसांचा ब्रश त्यांना टोचायचा. मी मोबाइलवर शोधून बॅजरच्या केसांचा एक मागवला. बॅजर म्हणजे बिळात राहणारा एक प्राणी, त्याचे केस दाढीच्या ब्रशाला चांगले समजतात. साडेसहाशेला पडला. त्याच महिन्यात दादा कंपनीच्या कामानं जर्मनीला गेला आणि बाबांसाठी तिकडून एक ब्रश घेऊन आला. तोही बॅजरचाच. आपल्या पैशात नऊ हजारांचा.

"अन्या, बाबाची दाढी याच्यानंच करत जाजो," तो म्हणाला. "दुकानदार म्हणे, गालाले लागलेलं समजत बी नाई."

दादा पुण्याला परतल्यावर एका रविवारी मी दोन्ही ब्रश घेऊन आरशासमोर उभा राहिलो. डाव्या गालावर साडेसहाशेचा, उजव्या गालावर नऊ हजारांचा. माझ्या ब्रशाचे केस काळपट, राठ, टोकं कात्रीनं सरळ छाटलेली. ओला केला की कुबट वास यायचा. पाणी मनगटावरून खाली गळायचं, फेस पातळ व्हायचा आणि जरा दाबला की बारीक काटे फिरल्यासारखं वाटायचं. दादाच्या ब्रशाला मध्ये काळा पट्टा आणि वर पांढरीशुभ्र टोकं — छाटलेली नाहीत, मुळातच निमुळती. तो पाणी धरून ठेवायचा. साईसारखा फेस. मी डोळे मिटून घेतले. तेवढा वेळ कोणाला माझी गरज नव्हती.

म्हणजे फरक मला माहीत नव्हता, असं म्हणायची सोय नाही.

सोमवारी बाबांच्या चेहऱ्यावर मी कोणता ब्रश फिरवला? साडेसहाशेचा. आजच्या दिवस, असं मनाशी म्हणालो. मग अकरा महिने.

दादाचा ब्रश न्हाणीघरात वरच्या फळीवर असायचा, माझ्यासाठी. दादानं आणलेलं बाबांना मिळू नये, असं वाटायचं का? की या घरात एक तरी वस्तू माझी असावी? दोन्ही असेल.

बाबा ब्रश लागला की मान फिरवायचे. मी त्यांची हनुवटी धरून चेहरा पुन्हा समोर करायचो.

"बाबा तोंड काऊन फिरवून राह्यले?" सुनंदानं एकदा विचारलं. "टोचते काय जी त्यायले?"

"नाई," मी म्हणालो. "सवयच लागली आता."

गालावर पुरळ उठलं. डॉक्टर घरी आले, म्हणाले, मऊ ब्रश वापरा. मी म्हणालो, मऊच आहे, परदेशातून आणलाय. बाबा समोरच्या खुर्चीत होते. ऐकत होते.

आणि मग तो दिवस. मी माझी दाढी आटोपून दादाचा ब्रश चुकून बाबांच्या खुर्चीजवळच्या खिडकीत वाळत ठेवला होता. बाबांसाठी गरम पाणी घेऊन आलो तर खिडकीतला ब्रश त्यांच्या डाव्या हातात. त्यांनी तो गालाला लावला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. विचारल्यासारखं.

मी त्यांची बोटं एकेक करून सोडवली आणि ब्रश काढून घेतला. "हा माझा हाये बाबा," मी म्हणालो. आणि दुसरा पाण्यात बुडवला.

त्या दिवसापासून बाबांनी मान फिरवणं बंद केलं. डोळे मिटून स्थिर बसायचे. हनुवटी धरायची गरज उरली नाही.

चार महिन्यांनी ते गेले. जलदानाच्या विधीला सगळे जमले होते. सगळ्यांसमोर दादा म्हणाला, अन्यानं केलं तेवढं मी जन्मात केलं नसतं. बायका डोळे पुसत होत्या. मी खाली पाहत राहिलो. लोकांना ते दुःख वाटलं. निघताना दादानं बाबांची आठवण म्हणून तो ब्रश मागितला. तेव्हा सांगता आलं असतं. मी न्हाणीघरात गेलो, ब्रश पुसून कागदात गुंडाळला आणि त्याच्या हातात दिला.

दादा दर रविवारी फोन करतो. "आज बी त्याच ब्रशनं दाढी केली," परवा म्हणाला. "बाबाच्या गालावर रोज फिरे, तोच ना हा?"

मी हो म्हणालो. पुढच्या रविवारीही म्हणेन.