पाव आटा, मग चहा

अनंता गेल्याचा फोन मीनावहिनींनीच केला. "भावजी, हे गेले हो..." मी "बरं" म्हणालो. त्या शब्दाची अजून लाज वाटते. डोंबिवलीहून वर्तकनगरला त्यांच्या घरी पोचलो, सगळं पार पडलं, परत येऊन वाचनालयातल्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो. सहा आठवडे झाले... रडू आलेलं नाही.

शाळेत आम्ही एका बाकावर. मी पुस्तकांत गेलो, तो पदार्थविज्ञानात. निवृत्तीनंतरही एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत तो कार्बन डायऑक्साइड चिरडत बसायचा. आपण उच्छ्वासातून सोडतो तोच. तळहातावर मावणाऱ्या पोलादी डबीत, समोरासमोरच्या दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तो दाबायचा. आधी त्याचा आइस्क्रीमवाल्याकडचा, धूर सोडणारा कोरडा बर्फ होतो. मग पृथ्वीच्या पोटात असतो तसा दाब देऊन लेझरनं तापवलं, की सुटे रेणू एकमेकांचे हात धरतात आणि गारगोटीसारखा कठीण स्फटिक होतो.

"आणि दाब काढला की?"

"पुन्हा हवा. नावनिशाणी नाही."

डबीला चार स्क्रू. समोरासमोरची जोडी घ्यायची, पाव आटा पिळायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात अनंता चहा प्यायचा. एकदा मी उत्साहाच्या भरात एकच स्क्रू पिळत गेलो. हिरा तडकला. मी पांढराफटक. तो म्हणाला, "अरे गाढवा, एकाच बाजूनं दाबलंस तर हिराही टिकत नाही. संसारातही तेच. मीनाला विचार!"

त्या स्फटिकाचा शेवटचा कण त्यानं आजारपणात डबीतच घरी आणला होता, सूक्ष्मदर्शकासकट. आता कॉलेजला हिरे परत हवेत, म्हणजे डबी उघडायची. वहिनी म्हणाल्या, "माझ्यानं नाही होणार, भावजी. तुम्हीच..."

गेल्या रविवारी त्याच्या टेबलाशी बसलो. पहिली जोडी, पाव आटा उलटा. वहिनींनी चहा आणून ठेवला. दुसरी जोडी. भिंगाला डोळा लावला.

"आहे का?"

"आहे."

दाब बराच उतरेपर्यंत तो तग धरतो, मग कुठल्या आट्याला हवा होईल ते सांगता येत नाही, असं अनंता म्हणायचा. हे मी वहिनींना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून स्क्रू पिळायची किल्ली काढून घेतली.

"मग आज इतकंच. कॉलेजवाल्यांना सांगा, थांबा म्हणावं."

चहा गार झाला होता. तसाच प्यायलो. अनंताही भिंगाला डोळा लावून बसायचा आणि गारच प्यायचा.

उद्या पुन्हा रविवार आहे.