वन्संची कुपी

आमच्या वन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, कर्करोगाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण 'वन्सं' म्हणायची सवय जिभेला लागली ती लागली. त्या चिडवतात, "एवढा मान देतेस ना वहिनी, मग भांडी तरी घासायला लावू नकोस."

सासूबाई पोटातल्या गाठीने गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा त्यांनी आपण होऊन संशोधनाला दिला. सही करताना म्हणाल्या, "लेकीच्या हाती पडला तर बरं." आणि तसंच झालं. वन्संच्या शीतपेटीत, उणे ऐंशी अंशांवर, करंगळीएवढ्या कुपीत तो राहिला.

वन्संचं काम विकरांवर, म्हणजे एन्झाइम्सवर. मला त्यांनी एकदा भाजी निवडताना समजावलं होतं. "पेशीत एक विकर असतं, ते प्रथिनावर खूण चिकटवतं. खूण लागली की पेशीला हुकूम, वाढ. दुसरं विकर ती खूण पुसतं, म्हणजे थांब. चिकटवणारं थांबेना आणि पुसणारं कमी पडलं, की गाठ."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," मी म्हटलं. "दिवे लावणारे सगळे, मालवणारी मी एकटी."

त्या पोटभर हसल्या. मग देठ मोडता मोडता म्हणाल्या, "आईच्या गाठीत तीच खूण होती का, एकदा डोळ्यांनी बघायचंय."

पण बघायचं तर तुकड्याचा वाटून लगदा करावा लागणार, म्हणजे तो संपणार. म्हणून दरवर्षी 'पुढच्या वर्षी' व्हायचं. या महिन्यात प्रयोगशाळेच्या साहेबांनी जुन्या शीतपेट्या रिकाम्या करायला सांगितल्या, तेव्हा त्यांनी मन घट्ट केलं. मंगळवारी निघताना दारात थांबून म्हणाल्या, "वहिनी, तुझ्या देवाला सांगून ठेव." मी सांगितलं. काय मागावं ते मात्र कळेना. खूण असू दे म्हणू, की नसू दे?

आज संध्याकाळी आल्या त्या चपला न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसल्या. मी पाणी दिलं.

"प्रथिन आहे," त्या म्हणाल्या. "तपासणीच्या फिल्मवर त्याची चांगली काळी पट्टी आली. खुणेच्या जागी काहीच नाही. कोरं."

"म्हणजे आईंच्या गाठीत ती खूण नव्हती?"

"तसं नाही म्हणता येत." त्यांनी पेला खाली ठेवला. "गोठलेला तुकडा जरा जरी विरघळला, तरी पुसणारं विकर जागं होतं. नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवते मी. बर्फावरून हलवू नका."

"मग विरघळला कसा?"

"दरवर्षी आईच्या तिथीला मी कुपी बाहेर काढायचे. हातमोजा घालून मुठीत धरून बसायचे. पाच मिनिटं. कधी दहा."

मी शेगडी बारीक केली.

"जिवंतपणी पुसायला हवी होती ती खूण," त्या म्हणाल्या, "माझ्या मुठीत पुसली गेली असणार. होती की नव्हती, आता कधीच कळायचं नाही."

"आईंचा हात धरल्यासारखं वाटायचं का हो?"

"नाही गं. गारच लागायचं." डोळे पुसत त्या थोडं हसल्या. "तरी सोडवायचं नाही."

मी त्यांच्या पायांतल्या चपला काढायला वाकले. लाजून त्यांनी पाय मागे घेतले, मग काढू दिल्या.

जेवताना मी विचारलं, "साहेबांना काय सांगितलंत?"

"खरं तेच. नोंदवहीत लिहिलं, नमुना वारंवार बाहेर काढल्याने निकामी."

"आणि का काढला ते?"

"त्याला रकाना नसतो वहिनी."

त्या लवकर झोपायला गेल्या. प्रार्थनेला बसले, पण आज काही मागितलं नाही. ही वही घेतली. तिथे रकाना नव्हता म्हणून इथे लिहून ठेवते: वन्संना आईची आठवण येत होती.