आण्णांनी न मारलेली हाक

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी भुताखेताचं काढलं की मी उठून चहा ठेवायला जाणारी बाई. त्यामुळे हसायचं असेल तर खुशाल हसा...

मी राजुरीत घरी बसूनच काम करते — नकली ॲप पकडायचं. चांगल्या ॲपचा आयकॉन, स्क्रीन, आवाज ढापून कुणी तसंच दुसरं स्टोअरवर टाकलं, की आमचं सॉफ्टवेअर ते दाखवतं. मग मी दोन्ही शेजारी ठेवून तपासते.

आमच्या गावच्या पोरांनी बिबट्यासाठी एक ॲप केलंय. जनावर दिसलं की बटण दाबायचं, सगळ्यांच्या मोबाईलवर माझ्या वडिलांचा, आण्णांचा आवाज येतो — "जनावर आलंय रं! घरात व्हा!" आण्णांचा आवाज म्हणजे भोंगाच. पोरं म्हणाली, "आण्णा, 'गेलं' असं पण रेकॉर्ड करा ना." आण्णा असले भडकले! "आलं म्हणून वरडायचं. गेलं म्हणून कदी नाय. उसातलं जनावर गेलं का दबा धरून बसलंय, तुला काय ठावं?" आमच्याकडची जुनी माणसं हे कटाक्षानं पाळतात.

गेल्या हिवाळ्यात, दिवस मावळताना, त्याच ॲपची नक्कल माझ्या स्क्रीनवर आली. आयकॉन तोच, रंग तेच. फक्त एक हिरवं बटण जास्त. हेडफोन कानाला होते. दाबलं... आण्णाच बोलले. "गेलं रं जनावर. ये भायेर, बिरा."

मी हेडफोन ओढून काढले. बिरा म्हणजे बिरूभाऊ मेंढपाळ. आमच्या पलीकडच्या रानात खतासाठी त्याच्या मेंढ्या बसल्या होत्या. आणि आण्णा तर माझ्यासमोर ओट्यावर शेंगा फोडत होते! "आण्णा, बिरूभाऊला गाठा, आत्ताच्या आत्ता!" मी किंचाळलेच. त्यांनी काही न विचारता गाडीला किक मारली.

बिरूभाऊ उसाच्या कडेला सापडला. खांदा फाटलेला, पण जिवंत. दवाखान्यात आण्णांना बघून त्यानं तोंड फिरवलं. "आण्णा, तुमीच हाळी दिली नव्हं? जनावर गेलं म्हनलात. म्हनून तर मेंढ्यांच्या जाळीतनं भायेर आलो."

आण्णा खाटेपासून दोन पावलं मागं सरले.

हल्ली मशीनवर कुणाचाही आवाज बनवता येतो, हे मला नका शिकवू राव, माझं पोटच त्यावर आहे. पण बिरूभाऊकडे बटणांचा साधा फोन आहे हो! त्यात ॲप चालतच नाही. आणि ते नकली ॲप माझ्याआधी कुणी उतरवूनही घेतलं नव्हतं. मी रिपोर्ट केला, ते स्टोअरवरून गेलं. मग त्याला हाक दिली कुणी? मला आजही सांगता येत नाही.

मध्यंतरी आण्णांनी रानातून हाक मारून पाणी मागितलं. आई तांब्या भरून दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आण्णा समोर दिसेपर्यंत तिनं उंबरा ओलांडला नाही. त्यांनी ते पाहिलं. तांब्या घेऊन पाणी प्यायले.

तेव्हापासून आण्णा कुणालाच लांबून हाक मारत नाहीत.