पिशवीभर कापूस घेऊन भिवंडीला

भिवंडीला कोणी हौसेनं फिरायला जात नाही. मी गेलो होतो, आणि वर भेटवस्तू घेऊन गेलो होतो.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. सरकारनं कापूस आणि सूत परदेशी पाठवायला मोकळीक दिली होती. यवतमाळकडच्या आमच्या गावात पारावर, पानठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय: कापसाचा चढलेला भाव. शेतात माझा उपयोग बैलांना नावानं हाक मारण्यापुरता. पण छाती अशी काढून फिरत होतो, जणू परदेशातले व्यापारी मला विचारूनच बोली लावतात.

अशात सलीमची आठवण झाली. नागपूरच्या पॉलिटेक्निकला आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. तो विणकाम शिकून भिवंडीला वडिलांचे यंत्रमाग चालवायला गेला. मी बांधकाम शिकून गावी परतलो आणि आजवर एकच गोठा बांधला, तोही कलता. कापसाला भाव म्हणजे कापडवाल्याची चांदी, असं माझं अर्थशास्त्र. म्हटलं, जाऊन मित्राचं अभिनंदन करावं. भेट म्हणून शेवटच्या वेचणीचा पिशवीभर कापूस घेतला.

"काय करन तो याचं?" बाबांनी विचारलं.

"विणेल," मी म्हणालो. बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या शिक्षणाला लागलेला खर्च त्यांना त्या क्षणी आठवला असावा.

एसटीनं बडनेरा, तिथून रेल्वेनं कल्याण. कापूस उशाला घेतला होता. सकाळी समोरच्या बाई म्हणाल्या, "अहो, तुमची उशी फाटलीय." मिशीपासून मोज्यांपर्यंत मी पांढरा झालो होतो. कल्याणला उतरून चहा आणि वडापाव घेतला. दोन्ही स्वस्त, दोन्ही तिखट. चहात आलं फार. मग भिवंडीची एसटी. खाडीवरचा पूल ओलांडला की वारं बरं लागतं, खिडकी मिळाली तर सोडू नका. पूल संपल्यावर कंडक्टर ओरडला, "कोन! कोन!"

मी उभा राहून म्हणालो, "मी. सुधाकर."

अख्खी गाडी हसली. कोन हे गावाचं नाव आहे. तुम्ही गेलात तर बसून राहा.

भिवंडी दिसायच्या आधी ऐकू येते, असं सलीम हॉस्टेलवर सांगायचा. गल्लीगल्लीत मागांचा खडखडाट, बोलायचं तर ओरडून. मी उतरलो तर रिक्षांचे भोंगे आणि भांडणारी कुत्री, बाकी शांत. शुक्रवारी माग बंद असतात हे मला ठाऊक होतं. सलीम दारातच भेटला. मिठी मारून मी विचारलं, "आज शुक्रवार का रे?"

"मंगळवार हाय," तो म्हणाला.

त्यानं कारखाना उघडून दाखवला. मागांच्या दोन रांगा, अर्ध्यावर थांबलेलं कापड, कोपऱ्यात वळकटी बांधणारा एक कारागीर. त्यानं विचारलं, "मालिक, मुलुक चला जाऊँ? काम शुरू हो तो खबर कर देना." सलीमनं नुसती मान हलवली.

मी पिशवी पुढे केली. सलीमनं आत हात घातला, कापूस बाहेर काढला आणि बोटांनी ओढून पाहिला.

"सुधा, माग सूत खातो रे, कापूस न्हाय. आणि सूत सगळं बोटीवर चढलंय. उरलंय ते माझ्या आवाक्यात न्हाय. तुमचा भाव चढला ना, त्यानंच हे बंद पडलंय."

अभिनंदन करायचं मी पुढे ढकललं.

कापूस सलीमच्या अम्मीनं ताब्यात घेतला. "पिंजारी आला की दोन उशा व्हतील," त्या म्हणाल्या, आणि त्या घरात माझ्या येण्याचा तेवढा तरी उपयोग झाला.

संध्याकाळी मागवाल्यांची सभा होती. "चल, चहा मिळेल," सलीम म्हणाला. चहा खरंच मिळाला. मग अध्यक्षस्थानी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांना कोणीतरी सांगितलं, की पाहुणा शेतकरी आहे. ते उठले आणि माइकवर म्हणाले, "विदर्भ से हमारे किसान भाई आए हैं. कपास और सूत बाहर भेजना बंद करो, ये हमारी माँग है. उनका भी साथ है. दो लफ्ज़ कहेंगे."

तोपर्यंत मी आयुष्यात एकदाच भाषण केलं होतं, तेही गॅदरिंगला, आणि अर्ध्यावर विसरलो होतो. पण त्या दिवशी विसरलो नाही, हीच पंचाईत झाली.

"बंद करा म्हणता," मी म्हणालो, "मग आम्ही भाव कुणाकडे मागायचा? तुमचे माग थांबले तर साऱ्या गावाला कळतं. आमचं शेत पडत्या भावातही हिरवंच दिसतं."

वाक्य चांगलं जमलं, असं मला वाटलं. सभेला वाटलं नाही. मागून आवाज आला, "अरे, इसको बुलाया किसने?" सगळ्या माना सलीमकडे वळल्या. त्यानं माझा शर्ट धरून मला खाली बसवलं.

घरी येताना तो माझ्या चार पावलं पुढे चालत होता. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाला ती भाकरी रुमालासारखी मऊ वाटते. आम्ही दोघं ताटाकडे बघत बसलो.

"भांडा वाटलं त," अम्मी म्हणाल्या, "पन भाकरी गार नका करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सलीमनं स्कूटर काढली आणि मला अंजूरला नेलं. खाडीजवळचं गाव. कापणी झालेली भातखाचरं आणि बांधावर गवताच्या गंजी. तिथं सलीमची थोडी जमीन होती आणि बाळाराम नावाचे गृहस्थ ती कसायचे. सलीमनं त्यांना सरळच सांगितलं, की माग भंगारात विकून इथं गोदाम बांधायचं मनात आहे. आताशा गोदामाला भाडं चांगलं येतं.

बाळाराम हसले. "बांध की. पन भात कुठं लावू? पत्र्यावर?"

ते गंजीकडे निघून गेले. आम्ही बांधावर बसलो. सलीमनं विचारलं, "काल एवढा तावात बोललास. तुझ्या घरी तो वाढलेला भाव मिळाला किती?"

आता मला सांगावं लागलं. आमचा कापूस दिवाळीनंतर लगेच खरेदी केंद्रावर गेला होता. घरात ठेवायला जागा नव्हती, थांबायला सवड नव्हती. भाव चढला तो नंतर, फेब्रुवारीत. आमच्याकडे आलं ते फक्त वर्तमानपत्र.

सलीम माझ्याकडे वळला. "म्हणजे तुला मिळाला नाही, आणि मला परवडत नाही?"

"हो."

"आणि त्यासाठी तू माझ्या गावात माझी इज्जत घालवलीस?"

तो हसायला लागला. मीही हसलो, पण माझं हसू लवकर संपलं. आमच्या दोघांच्या मधला तो भाव गेला कुठे, हे आम्ही तासभर शोधलं. तो आम्हाला ना अंजूरच्या बांधावर सापडला, ना स्कूटरवर परत येताना.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कशी आहे भिवंडी. मी म्हणालो, बंद आहे. का, ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं, की यंदा घाई करायची नाही. पुढच्या हंगामात कापूस घरात रोखला. ओसरी भरली, माजघर भरलं, आम्ही कापसावरच झोपायचो. आणि त्याच वर्षी बाहेर पाठवण्यावर बंधनं आली, उलट परदेशातला स्वस्त कापूस इकडे उतरला. बाबा ज्या भावाला दिवाळीत नको म्हणाले होते, त्याच्याही खाली आम्हाला विकावा लागला.

सलीमनं निम्मे माग विकले होते, निम्मे राखले होते, आणि कापूस उतरला तसं सूत त्याच्या आवाक्यात आलं. अंजूरचं शेत तेव्हा वाचलं; काही वर्षांनी तिथं गोदाम झालंच.

कापूस अजून घरात होता, तेव्हा सलीम आमच्याकडे आला. ओसरी बघून दारातच थबकला. चपला काढायलाही जागा नव्हती. बाबांनी त्याला गाठोड्यावर बसवलं, पाणी दिलं.

"तुमचे माग चालू हायेत का?" त्यांनी विचारलं.

सलीमनं खाली बघत सांगितलं, "चालू आहेत. दोन शिफ्ट."

"मंग इतकं हळू काहून सांगतं, बाबू?"

सलीमनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग त्यानं घसा खाकरला आणि मागांच्या खडखडाटात बोलतात तसं, मोठ्यानं सांगितलं, "चालू आहेत!"

बाबांनी मान डोलावली आणि चहा टाकायला सांगितला.