हरसूलचा ठिपका

त्या रानभाजीचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की लोक कुदळ घेऊन निघतात. तिची एक उपप्रजाती फक्त घाटाखाली वाढते, असं माझं ठाम मत. पण तिच्या प्रसाराच्या प्रत्येक नकाशात घाटावर एक ठिपका असायचाच, हरसूलचा. त्याला आधार एकच, आमच्या कॉलेजच्या संग्रहात कागदावर चिकटवलेला वाळका नमुना. त्यालाच लावलेल्या चिठ्ठीवर आमच्या सरांचं नाव आणि ‘हरसूलचे डोंगर’.

तीन पावसाळे मी ते डोंगर पालथे घातले. एक पान दिसलं नाही. मग नमुना भिंगाखाली घेतला. सगळ्या देठांवर एकाच उंचीला आवळल्याची खूण होती, जुडीला दोरी बांधतात तशी. तडक हरसूलचा आठवडे बाजार गाठला. भाजीवाल्या आजी हसल्या.

“हितं नाय होत ही, बाई. घाटाखालून आणतो आमी.”

मी जाम खूश झाले. एवढ्या मोठ्या माणसानं बाजारातली जुडी डोंगरावरची म्हणून खपवली! ही चूक दाखवणारा लेख पाठवण्याआधी त्यांना सांगणं मात्र भाग होतं. सर आता थकलेत, गंगापूर रोडला मुलीकडे असतात. माझं सगळं ऐकून त्यांनी चष्मा लावला आणि नमुन्याच्या फोटोतली तारीख वाचली.

“तेव्हा मला कावीळ झाली होती. तुला पाठवलं होतं मी.”

त्या काळी मी त्यांची विद्यार्थिनी होते, आणि नमुना कोणीही आणो, चिठ्ठीवर नाव सरांचंच लागायचं. माझे कान तापले. सगळं आठवलं. नव्या चपलेनं पाय सोलले होते, परतीची एस.टी. सुटायला आली होती. मी डोंगर चढलेच नव्हते. बाजारात जुडी घेतली आणि सरांना बिनदिक्कत सांगितलं, डोंगरावर मिळाली.

“सर, मी थाप मारली होती.”

“मग ठिपका खोड,” ते म्हणाले. “पण कारण नीट लिही.”

रागावले असते तर बरं वाटलं असतं.

संग्रहातली जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते, शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावतात. म्हणजे माझी थाप सरांच्या नावाखाली कायमची राहणार. दुसऱ्या दिवशी मी नवी चिठ्ठी घेतली आणि लिहिलं, ‘हा नमुना बाजारातून विकत घेतलेला आहे. आणणारी सरांशी खोटं बोलली होती.’ खाली ‘आणणारी’ म्हणून माझं पूर्ण नाव लिहून सही केली.