सुलोचनाचा उजवा हात

१४ जुलै १९८४. सकाळी पिशवी भरली: स्टॉपवॉच, पकड मोजायची स्प्रिंग, वही, एक जुनं पातळ. नागपूरहून भंडारा, तिथून कारध्याचा पूल ओलांडणारी पवनीची एस.टी.

बारा वर्षं मी खेळाडू म्हणून नोकरीत होते, कबड्डी खेळण्याचाच पगार घेतला. गुडघा गेल्यावर पुन्हा शिकले. मेंदू हाताला हालचाल कशी शिकवतो, याचा आता अभ्यास करते. कोंढ्याची सुलोचना माझी जोडीदार. चढाई अडवताना माझ्या हातात तिचा हात असायचा. गेल्या वर्षी तिची उजवी बाजू लुळी पडली. मी पत्रात लिहिलं, ‘रोज दोनशे वेळा सराव कर. हात शिकेल.’

कोंढ्याला उतरले, तेव्हा गावाबाहेर रोवणा (भातलावणी) सुरू होता. सुलोचना धुऱ्यावर (बांधावर) बसली होती. पूर्वी रांगेत पहिली तीच असे.

“तुयी डाक्तरीण आली वं!” बांधीतून (खाचरातून) एक बाई ओरडली. “आता होशीन पैलवान!”

“तू पऱ्हे (रोपं) सरळ लाव आधी,” सुलोचनानं सुनावलं.

घरी लाखोळीच्या डाळीचं वरण आणि भात तिनं डाव्या हातानं वाढला. जेवण झाल्यावर मी हात तपासला. बोटं मिटत होती, उघडत नव्हती. खांदा सुजून खाली उतरला होता.

“दोनशे नाही, चारशे वेळा केलं. दुखे, तरी केलं. मॅचमधी थांबत होतो का आपण?”

खेळाडूला दुखणं गिळायला शिकवतात. लुळ्या हाताला तसं ओढलं की खांदा जातो. मला हे ठाऊक असायला हवं होतं. मी तिला तसं सांगितलं.

“ते राहू दे. हात येईन का नाही?”

“रोवण्यापुरता नाही येणार, सुलू.”

ती अंगणाकडे बघत म्हणाली, “मंग चिठ्ठीत काहून लिहिलं वं?”

मी वही मिटून पिशवीत ठेवली. संध्याकाळी तिनं माझं ताट पुढे सरकवलं आणि स्वतः अंगणात जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळची परतीची गाडी मी सोडली. बांधीत उतरले, एका हातानं रोवता येतं का ते बघायला माझा उजवा हात पदरानं कमरेशी बांधला, पऱ्ह्यांची जुडी काखेत धरली आणि डाव्या हातानं रोवू लागले. निम्मी रोपं पाण्यावर तरंगली. बाया पोट धरून हसल्या. सुलोचना धुऱ्यावरून बघत होती, हसत नव्हती.

“काखेत कायले धरते? कमरेले खोस,” ती शेवटी म्हणाली.

मी जुडी कमरेला खोसली, एक रोप लावलं आणि एक पाऊल मागे सरकले.